पावणेसहाचं जेवण

१

"सर, तुमची स्वतःची शुगर किती आहे?"

साडेचारशे पोरापोरींसमोर, हातात माईक धरून, मी हा प्रश्न डॉक्टर वीरसिंग पावरांना विचारला. खरं तर प्रश्न माझा नव्हताच. डॉक्टर तासभर सांगत होते, तेल कमी करा, मीठ मोजून टाका, रोज चाला, वर्षातून एकदा तपासून घ्या. तेवढ्यात रिना माझ्या कानाशी कुजबुजली, "सांगनं सोपं शे. त्यासले त्यासनीच शुगर इचार ना. शे का हिंमत?" आणि दुसऱ्या कानाशी महजबीन, "नाही विचारणार ती. पैज!"

मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हणायचे ते फक्त बाकावरच्या शेजारणीला ऐकू जायचं. पण यंदा तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले, आणि मला शोध लागला की आवाज ही गोष्ट पोटात साठवायची नसते. मी उठले.

मोठ्या बाईंनी डोळे असे वटारले की चष्मा खाली घसरला. डॉक्टर मात्र हसले.

"आज सकाळी उपाशीपोटी एकशे अडतीस," ते म्हणाले. "तीन वर्षं गोळी घेतोय. धडगावच्या डोंगरात शाळेसाठी सहा किलोमीटर चालायचो. मग डॉक्टर झालो, जीप मिळाली, खुर्ची मिळाली, आणि चालणं सुटलं. शुगर कळल्यावर सहा महिने बायकोलाही सांगितलं नाही. डॉक्टर असून! नाव काय तुझं?"

"जिया."

"जिया, असा प्रश्न मला गेल्या पन्नास शाळांत कुणी विचारला नाही."

टाळ्या पडल्या. मी माझ्या दोन लिटरच्या बाटलीतून घटाघटा पाणी प्यायले आणि बसले. (या बाटलीला वर्गात 'टाकी' म्हणतात. पोरी जळतात.)

टाळ्या थांबायच्या आतच शिपाई गोपालकाका धापा टाकत आत आले. "बाई, कपाटमा तीन नंबरनी थप्पी नही शे!"

२

थप्पी म्हणजे काय ते सांगते. डॉक्टरसाहेब आमच्या म्हसावदमध्ये एक अभ्यास करताहेत. इथली माणसं काय खातात, किती चालतात, कोण तंबाखू खातं, आणि त्यांतल्या कुणाला कुठला आजार होण्याचा धोका आहे. सहा गल्ल्या, घरटी फॉर्म. फॉर्मवर नाव नसतं, फक्त नंबर, वय, बाई की पुरुष, काल काय खाल्लं, शेवटचं किती वाजता खाल्लं, ब्लडप्रेशर, आणि सगळ्यात खाली रक्तातल्या साखरेचा आकडा. कुठला नंबर कुणाचा, ती यादी डॉक्टरांच्या नंदुरबारच्या ऑफिसात.

फॉर्म भरायचं काम बिबीचाचीचं. बिबीजान म्हणजे महजबीनची आई. पहाटे उठून, मशीन पिशवीत टाकून, लोकांचा चहा व्हायच्या आत ती दारात हजर. आम्ही दहा विद्यार्थी तिचे मदतनीस. घरोघरी समजावून सांगायचं, आणि कुठे फॉर्म कमी पडला तर द्यायला प्रत्येकाच्या दप्तरात पाच कोरे फॉर्म. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी आम्हाला दोन नियम पाठ करायला लावले होते. एक, कुणाचाही आकडा कुणालाही सांगायचा नाही. दोन, अठरा वर्षांखालच्या कुणाचा आकडा जास्त आला तर चाचीनं त्याच दिवशी फक्त आईवडिलांना सांगायचं, बाकी सगळ्यांना डॉक्टरच सांगतील.

तीन नंबर म्हणजे आमचीच गल्ली. राजस्थानहून आलेली आमची मारवाडी घरं, मधे दोन-चार इतर. बावीस फॉर्म. चाचीनं शनिवारी दुपारी ते शाळेच्या लायब्ररीच्या कपाटात ठेवले होते. आज सोमवारी डॉक्टर ते पहिल्यांदाच बघणार होते.

"किल्ली तुमच्या नावावर आहे, बिबीजान," मोठ्या बाई म्हणाल्या.

किल्ली बाईंच्याच खुर्चीमागच्या खिळ्याला लटकते हे शाळेतल्या कबुतरांनाही माहीत आहे.

"कागद मी नेले नाहीत," चाची एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी माईक बंद केला. "लोकांनी विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी आहेत त्या. शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर मला दुसरी बाई घ्यावी लागेल. माझा नाइलाज आहे."

महजबीनचं घर चाचीच्या मानधनावर चालतं. तिचे अब्बा अनीसचाचा वेल्डिंगच्या कामात डोळा गमावून बसलेत. पण महजबीन रडत होती ती त्यासाठी नाही. "जिया, लोक म्हणतील तिनं गल्लीचे आकडे विकले. तिला कुणी दारात उभं करणार नाही."

"शुक्रवारला चार दिवस आहेत," मी म्हणाले. "चोर मी शोधते."

"तू?"

"मग काय कबुतरं शोधणार?"

३

पहिली चौकशी गोपालकाकांची, कारण डॉक्टर त्यांच्या तंबाखूवरून त्यांना दोनदा चारचौघांत बोलले होते, आणि राग ही मोठी गोष्ट असते.

"काका, शनिवारी चाची गेल्यावर लायब्ररीत कोण आलं होतं?"

"मन्हावर शक लेस का वं पोरी?" काकांनी विडा गालात सरकवला. "तंबाखू मी खास, चोरी नही करस."

"शक नाही हो. विचारतेय."

"मंग आयक. बिबीजाननी कागद ठेवात. मंग तो अंकित उनथा पुस्तक वापस देवाले. मंग तुन्हा पप्पा उनथा वह्यास्ना खोका लिसन. दरवखत तुमना हमाल उखा हातगाडीवर आनस, यानदाव पप्पा सोता उनथा. मी तोपर्यंत पानी भरी ऱ्हायंतू. मंग कुलूप. बस."

आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. पप्पांना खोके उचलायची लाज वाटत नाही, याचा मला अभिमानच वाटला. मी वहीत लिहिलं, 'अंकित'.

अंकित आमच्याच वर्गातला. त्याच्या घरचं फरसाणाचं दुकान, तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी. आणि डॉक्टर भाषणातच म्हणाले होते की चहाबरोबर रोज खारं खाणाऱ्यांचं ब्लडप्रेशर बघून ते चक्रावलेत, पुढच्या महिन्यात गावात फलक लावणार आहेत.

"फलक लागला तर तुमची शेव कोण घेणार?" मी थेट विचारलं.

"तूच," अंकित म्हणाला. "परवाच पावशेर नेलीस. आणि एवढी बारीक कशी होतेस गं? स्कर्टला पिन लावलीयेस."

"विषय बदलू नकोस."

"बरं, ऐक. बाबा चिडलेत, खरंय. पण कागद चोरून काय होणार? चाची परत येईल, परत विचारेल. फलक थांबतो का त्यानं? त्यापेक्षा आम्ही कमी मिठाची शेव काढू. माझी आयडिया आहे. नाव पण ठरलंय."

चोराच्या मानानं हे बोलणं फारच हुशारीचं होतं. मी वैतागले, टाकी संपवली आणि घरी गेले.

बुधवारी सकाळी लायब्ररीच्या खिडकीत एक पुडकं सापडलं.

४

बावीसच्या बावीस फॉर्म! वर्तमानपत्रात गुंडाळलेले, पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेले. मोठ्या बाईंनी दोऱ्याचं एक टोक ओढलं आणि गाठ सर्रकन सुटली.

"मिळाले ना? संपला विषय," त्या म्हणाल्या. "बिबीजाननं कुठेतरी विसरून ठेवले असतील, आता घाबरून आणून टाकले."

माझी नजर दोऱ्यावर होती. एका झटक्यात सुटणारी गाठ. ही गाठ घरात कुणी मारत नाही, ही दिवसाला शंभर पुड्या बांधणाऱ्याच्या हाताची गाठ! मी तडक अंकितला गाठलं आणि दोरा त्याच्या नाकापुढे नाचवला.

"दुकानदाराची गाठ! आता बोल!"

तो शांतपणे म्हणाला, "जिया, अशी गाठ तुमच्या दुकानात पण मारतात."

असा राग आला मला त्याचा. दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. पण भूगोलाच्या तासाला डोकं चालू झालं (भूगोलात ते दुसऱ्या कशासाठीही चालत नाही). चोराला कागद नको होते तर त्यानं जाळले असते. त्यानं परत दिले. म्हणजे त्याला कागद परत यायलाच हवे होते! आणि परत येऊन त्याचा फायदा कधी? त्यांतला एखादा बदललेला असेल तेव्हाच. म्हणजे बावीसमध्ये एक फॉर्म खोटा आहे.

दुपारी मी डॉक्टरांसमोर उभी राहिले.

"सर, खोटा फॉर्म मी शोधून दिला तर चाची राहील?"

त्यांनी चष्मा काढला. "मी दोनदा वाचलेत. वेगळं काही दिसत नाही. सगळं चौकटींत सुटं सुटं लिहिलेलं असतं, अक्षर ओळखू येत नाही."

"तुम्ही धडगावचे आहात. मी तिसऱ्या गल्लीतली आहे."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी पुठ्ठ्याची एक पट्टी कापली आणि प्रत्येक फॉर्मच्या खालच्या भागावर धरून एकेक माझ्यापुढे सरकवायला लागले. साखरेचा आकडा झाकलेला. "हे दिसणार नाही. बाकीचं बघ."

नववा फॉर्म मी परत पहिल्यापासून वाचला.

५

आता माझं एक पाप सांगावं लागेल.

आम्ही जैन, आमच्या घरी चौविहार पाळतात. सूर्य मावळला की जेवण बंद, पाणीसुद्धा बंद. गल्लीतल्या बहुतेक मारवाडी घरांत तसंच, त्यामुळे तिसऱ्या गल्लीच्या फॉर्मांवर 'शेवटचं खाणं' साडेपाच, पावणेसहा असंच दिसतं. डॉक्टरांना यात काही खटकायचं कारणच नव्हतं.

आमची तपासणी गेल्या गुरुवारी सकाळी झाली. आदल्या दिवशी, बुधवारी, मी रिनाच्या बाबांच्या जीपमधून सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेला गेले होते. चौदस होती, हिरवी भाजी चालत नाही, म्हणून मम्मीनं डब्यात फुलके, पापडाची भाजी आणि मुगाचा हलवा दिला होता. "पावणेसहाला खाऊन घे. विसरायचं नाही." मी विसरले नाही. पावणेसहाला बरोब्बर डबा उघडला आणि रिनाला दिला. तिनं हलव्यासकट चाटून पुसून संपवला. आणि साडेआठला, दिव्यांच्या झगमगाटात, पांढऱ्याशुभ्र घोडीच्या नाचासमोर उभं राहून मी तीन बटाटेवडे खाल्ले. आमच्याकडे बटाटाही चालत नाही. म्हणजे एका घासात दोन गुन्हे.

सकाळी चाचीनं विचारलं तेव्हा मम्मी आत होती. डॉक्टर म्हणाले होते, खोटं सांगाल तर अभ्यास खोटा होईल. मी चाचीच्या कानात खरं ते सांगितलं, तिनं हसून लिहून घेतलं. बटाटेवडे तीन, रात्री साडेआठ.

आणि आता माझ्यासमोर फॉर्म होता. गल्ली तीन. वय पंधरा. मुलगी. आमच्या गल्लीत पंधराची मुलगी एकच आहे. 'काल काय खाल्लं' मध्ये फुलके, पापडाची भाजी, मुगाचा हलवा. 'शेवटचं खाणं' पावणेसहा.

बाहेरच्या कुणी हा फॉर्म रचला असता तर त्यानं रात्री आठ-नऊ लिहिलं असतं, डाळभात लिहिला असता. गल्लीतल्या दुसऱ्या कुणी रचला असता तर वेळ बरोबर लिहिली असती, पण डब्यात हलवा होता हे त्याला कुठून कळणार? जो डबा मी खाल्लाच नाही तो मी खाल्ला, अशी पक्की खात्री जगात दोनच माणसांना होती.

"मिळालं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"उद्या सांगते, सर," मी म्हणाले. स्पर्धेनंतर पहिल्यांदा माझा आवाज परत हजेरीसारखा बारीक झाला.

व्हरांड्यात येऊन मी दप्तर उपडं केलं आणि कोरे फॉर्म मोजले. पाच होते. आता चार.

६

"चाची, माझा आकडा किती होता?"

चाची अंगणात कपडे वाळत घालत होती. तिचे हात थांबले.

"बेटा, माझ्या तोंडून कुणाचा आकडा बाहेर पडत नाही."

"माझाच आहे!"

"तू पंधराची आहेस. मी तुझ्या मम्मीला त्याच सकाळी सांगितलं. ती म्हणाली, रविवारी शहाद्याला नेते. सोमवारी फोन केला तर म्हणाली, नेलं होतं, नॉर्मल आलं. मी अल्लाचे आभार मानले."

रविवारी आम्ही कुठेही गेलो नव्हतो. रविवारी मम्मी आणि पप्पा दुपारभर आतल्या खोलीत होते, दार लावून. मला वाटलं, दिवाळीचा राहिलेला पसारा आवरताहेत.

"तुला शंका आली होती ना? पप्पांची?"

चाचीनं एक ओली ओढणी झटकून दोरीवर टाकली.

"मग तू सोमवारी सगळ्यांसमोर का नाही बोललीस?"

"काय बोलणार होते? अमक्या मुलीचा आकडा जास्त होता म्हणून तिच्या बापानं कागद नेले? तोच नियम मोडला असता, जिया." तिनं बादली उलटी करून मला बसवलं. "काम गेलं तर दुसरं बघू. पण उद्या कुठल्या दारात जाऊन 'मला खरं सांगा' म्हणायला तोंड हवं ना मला."

मग ती घरात गेली आणि पिशवीतून मशीन घेऊन आली.

"मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "पण हे मशीन आहे, आणि बोट तुझं आहे."

महजबीन माझा दुसरा हात घट्ट धरून उभी. सुई टोचली, पट्टीवर लाल थेंब. पाच, चार, तीन, दोन, एक.

दोनशे त्रेचाळीस.

मला लायब्ररीबाहेरचा फलक आठवला. 'सारखी तहान, सारखी लघवी, वजन कमी होणं, थकवा. दुर्लक्ष करू नका.' तो फलक मीच रंगवलाय! तहान लागलेल्या मुलीचं चित्र मीच काढलंय, हातात मोठी बाटली दिलीय, आणि बक्षीसही घेतलंय. टाकी, स्कर्टची पिन, भूगोलाच्या तासाची झोप. रोज रात्री सगळे झोपल्यावर न्हाणीघरातल्या नळाला तोंड लावून चोरून पाणी पिणारी मी. तीन दिवस चोर शोधत फिरले, आणि चोरीला काय गेलं होतं? मीच.

भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त राग आला होता, आणि राग चालवत घरी घेऊन गेला.

७

ताटं वाढलेली होती. सव्वापाच. पप्पा पाटावर, मम्मी फुलके लाटत.

"रिनानं खाल्ला," मी दारातूनच म्हणाले.

"काय?"

"चौदशीचा डबा. हलव्यासकट. मी साडेआठला बटाटेवडे खाल्ले, आणि चाचीला तसं लिहून दिलं होतं. तुम्ही फाडलात तो कागद. त्याच्या जागी जो ठेवलात त्यात मी फार शहाणी मुलगी आहे."

मम्मीचं लाटणं थांबलं. पप्पांनी आधी विचारलं ते काय? "बटाटेवडे?" मला हसू आलं, रडूही आलं.

"पप्पा, खोके तुम्ही स्वतः कधी आणता? किल्ली खिळ्यावरची, गाठ तुमची. कोरा फॉर्म माझ्या दप्तरातला."

पप्पांनी ताट बाजूला सारलं. "रविवारीच परत ठेवणार होतो," ते खूप हळू म्हणाले. "शाळेला कुलूप होतं. सोमवारी बोंब झाली. बिबीजानवर येईल असं वाटलं नव्हतं, बेटा. म्हणून तर आज सकाळी टाकून आलो."

"आलं ना पण तिच्यावर. आणि आकडा?"

"एकशे सत्त्याऐंशी," मम्मी म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. "मशीन चुकत पण असेल. वय काय तुझं! एकदा का समाजात कळलं, पोरीला शुगर आहे, उद्या स्थळं येतील तेव्हा काय सांगायचं? मी कारल्याचा रस देणारच होते गुपचूप. माझ्या मावशीचं काय झालं, तुला माहीत नाही..."

"आज दोनशे त्रेचाळीस आहे, मम्मी. मी स्वतः बघितला. लपवल्यापासून आठवडा गेला."

तव्यावरचा फुलका फुगला आणि करपला. पप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, आणि मला एकदम त्यांच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं. पण बसले असते तर बोलता आलं नसतं. खिडकीतून ऊन सरकत सरकत समोरच्या माळवदावर चढलं आणि गेलं.

"आता माझं ऐका," मी उभ्यानंच म्हणाले. "मी ठरवलंय. उद्या सकाळी सात वाजता आपण तिघं शहाद्याच्या डॉक्टरांकडे जाणार. कारल्याचा रस नाही, खरा डॉक्टर. तिथून सरळ शाळेत. दुपारच्या सुट्टीआधी मी माईक मागणार आणि सगळ्यांना माझा आकडा सांगणार. वीरसिंग सरांनी सांगितला, मग मी का नाही? बिबीचाचीनं माझं गुपित राखलं म्हणून तिच्यावर आळ आला, हेही सांगणार. कागद कुणी नेले ते मी सांगणार नाही, पप्पा. ते तुम्ही सांगायचं, चाचीसमोर उभं राहून. मी माईक तुमच्या हातात देईन. नाही घेतलात तर तसाच धरून उभी राहीन, घंटा होईपर्यंत. आणि ज्याला माझं स्थळ नको असेल त्यानं उद्याच कळवावं, माझा वेळ वाचेल."

मम्मी काहीतरी म्हणायला गेली. मी माठाकडे गेले, झाकण काढलं, तांब्या बुडवला. बाहेर अंधारायला लागलं होतं.

"आणि अजून एक. मला तहान लागलीय. सूर्य मावळलाय, मला दिसतंय. आजारी माणसाला सूट असते, महाराजसाहेबही सांगतात. आजपासून मी न्हाणीघरातल्या नळाला तोंड लावणार नाही. पाणी मी इथेच पिणार, तुमच्यासमोर, दिवा लावून."